भूमिगत वीज : वाद किलोमीटरचा, प्रश्न बांधणीचा

वादळ येऊन गेले, खांब आडवे झाले, दोन-तीन दिवस अंधार राहिला की तोच वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, सगळ्या तारा जमिनीखाली घाला, म्हणजे कटकट कायमची मिटेल. दुसरी म्हणते, भूमिगत वाहिनीला उपरी, म्हणजे खांबांवरच्या, वाहिनीच्या कित्येक पट खर्च येतो आणि बिघाड झाला की रस्ता खोदत बसावे लागते. दोघेही भांडतात ते किलोमीटरवर : किती किलोमीटर पुरायचे आणि किलोमीटरमागे किती मोजायचे. जमिनीखाली नेमके काय बांधायचे, हे कुणी विचारत नाही. माझे मत स्पष्ट आहे. दाट वस्तीत वितरणाच्या वाहिन्या जमिनीखालीच असाव्यात. पण चर (केबल पुरायचा खंदक), जॉइंट (केबलचा जोड), रिंग (दोन्ही बाजूंनी वीज देता येईल अशी जोडणी) आणि नकाशा या चार गोष्टींत काटछाट होणार असेल, तर खांब आहेत तिथेच राहू द्यावेत. अर्धवट बांधलेले भूमिगत जाळे नीट राखलेल्या उपरी जाळ्यापेक्षा वाईट. त्यातले दोष डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कळतात तेव्हा पुरवठा बंद पडलेला असतो.

हा वाद विजेच्या धंद्याइतकाच जुना आहे. न्यूयॉर्क राज्याने १८८४ मध्येच मोठ्या शहरांतल्या तारा जमिनीखाली नेण्याचा कायदा केला होता. कंपन्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. मार्च १८८८ च्या हिमवादळाने तारांची जाळी रस्त्यावर आणली, तरी काम रेंगाळलेच. ऑक्टोबर १८८९ मध्ये एक लाइनमन भर दिवसा, लोकांच्या गर्दीसमोर, तारांच्या गुंत्यात विजेचा धक्का बसून मेला. त्यानंतर मात्र शहराने तारा तोडायला सुरुवात केली. म्हणजे सुरक्षिततेची बाजू पहिल्यापासून खरी होती आणि आजही खरी आहे. पण त्याच शहरात एडिसनने सप्टेंबर १८८२ मध्ये सुरू केलेले जाळे मुळातच जमिनीखाली होते, आणि त्याचा धडा वेगळा आहे. लोखंडी नळीत तांब्याचे दांडे, भोवती डांबरी मिश्रण, आणि प्रत्येक नळी साधारण ६ मीटर लांब. दर ६ मीटरला एक जोड आला, आणि जाळ्याचा कच्चा दुवा तोच ठरला. लंडनला डेप्टफर्डच्या वीजकेंद्राहून १० हजार व्होल्टने वीज आणताना फेरांती या अभियंत्यानेही मेण पाजलेल्या कागदाच्या इन्सुलेशनच्या (वीज बाहेर जाऊ न देणाऱ्या आवरणाच्या) तेवढ्याच लांबीच्या नळ्या वापरल्या. त्यांची टोके निमुळती कातून एकमेकांत दाबून बसवली. त्या कामाचे खरे कसब या जोडांत होते. आज एका ड्रमवर २५० ते ५०० मीटर केबल येते. जोड कमी झाले, पण केबल बहुधा जोडातच जाते, हे बदललेले नाही.

आधी केबल आतून कशी असते ते पाहू, कारण ‘तार पुरणे’ या शब्दांनीच अर्धा गोंधळ होतो. ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, नेहमीची तीनगाभ्यांची केबल घ्या. मध्ये पिळलेल्या तारांचा अ‍ॅल्युमिनियमचा वाहक, समजा ३०० चौरस मिलीमीटरचा. त्यावर अर्धवाहक पदार्थाचा पातळ काळा थर, मग एक्सएलपीईचे (एक प्रकारच्या पॉलिथिलीन प्लास्टिकचे) सुमारे साडेतीन मिलीमीटर इन्सुलेशन, पुन्हा अर्धवाहक थर, त्यावर तांब्याची पट्टी. असे तीन गाभे एकत्र वळून त्यावर आतले आवरण, पोलादी आर्मर (चिलखत) आणि बाहेरचे आवरण. सगळे मिळून मनगटापेक्षा जाड. दोन्ही काळे थर विजेचे क्षेत्र गोल आणि सारखे ठेवतात. वाहकाचा एखादा खडबडीत तंतू इन्सुलेशनमध्ये टोचला, तर त्या टोकाशी क्षेत्र एकवटते आणि तिथून इन्सुलेशन पोखरले जाते. उपरी तारेभोवती हवाच इन्सुलेशन असते. ठिणगी पडली तरी हवा पुन्हा पहिल्यासारखी होते. एक्सएलपीई एकदा जळले की जळले. भूमिगत बांधणीतला सगळा काटेकोरपणा या एका फरकातून येतो.

आता चर. खर्चाची बाजू मांडणारे खोदाईचा खर्च धरतात, भरावाचा विचार करत नाहीत. पुरण्याची बाजू मांडणाऱ्यांना तर चर म्हणजे केबल लपवायचा खड्डाच वाटतो. प्रत्यक्षात चर हा केबलचा थंड करणारा भाग आहे. वर सांगितलेल्या ११ केव्हीच्या केबलमधून ३५० अँपिअर वाहू लागले की तिन्ही गाभे मिळून मीटरमागे सुमारे ४५ ते ५० वॅट उष्णता बाहेर टाकतात. एका किलोमीटरला जवळजवळ ५० किलोवॅट. ती जाणार कुठे? भोवतालच्या मातीतूनच, दुसरी वाट नाही. एक्सएलपीईचा वाहक सतत ९० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, त्यापुढे आयुष्य झपाट्याने घटते. मातीचा उष्णतारोध १.० केल्विन-मीटर प्रति वॅटवरून २.५ वर गेला, तर त्याच केबलची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी उतरते. ओली माती उष्णता चांगली नेते, कोरडी वाळू वाईट. आणि केबल तापली की ती स्वतःच भोवतालची माती कोरडी करते. माती कोरडी झाली की केबल आणखी तापते. हे चक्र एकदा फिरू लागले की भार कमी केल्याशिवाय थांबत नाही.

म्हणून ११ केव्हीचा चर साधारण ९० सेंटिमीटर खोल घेतात. तळ सपाट करून, दगड वेचून, त्यावर ७५ मिलीमीटर चाळलेल्या वाळूचा थर देतात. मग केबल, केबलच्या वर पुन्हा तेवढीच वाळू, त्यावर संरक्षक फरश्या किंवा विटा, मग थराथराने धुम्मस केलेली माती, आणि पृष्ठभागाच्या साधारण ३० सेंटिमीटर खाली सावधानतेची पट्टी. भार जास्त असेल तिथे नुसत्या वाळूऐवजी १४ भाग वाळूत १ भाग सिमेंट असे मिश्रण भरतात. ते कोरडे पडले तरी दाट राहते आणि उष्णता नेत राहते. कागदावर हे सगळ्यांनाच माहीत असते. कामावर काय होते? खोदलेलाच राडारोडा परत ढकलला जातो, त्यातला धारदार दगड आवरणात रुततो, धुम्मस न झालेल्या मातीत पोकळ्या राहतात, आणि पुढच्या पावसात रस्ता खचून केबल त्याबरोबर खाली ओढली जाते. जागा वाचवायला सहा सर्किटे एकमेकांना खेटून टाकली, तर प्रत्येकाची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, आणि केबल विकत घेताना मोजलेले पैसे चरातच बुडतात. खालून आडवे ड्रिलिंग करून रस्ता न खोदता केबल नेता येते, ही सोय मोठी आहे. पण बोअर दुसरी पाइपलाइन चुकवायला तीन-चार मीटर खाली गेले, तर तिथून उष्णता निघणे अधिक कठीण होते. सगळ्या वाहिनीची क्षमता त्या सर्वांत गरम तुकड्यावर ठरते. हा हिशेब आराखड्यात क्वचितच दिसतो.

हे किरकोळ वाटत असेल तर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे १९९८ आठवावे. शहराच्या मध्यभागाला वीज पुरवणाऱ्या ११० केव्हीच्या चार भूमिगत केबल २२ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात एकामागून एक गेल्या. तिथला तेव्हाचा उन्हाळा कडक, जमीन कोरडी, आणि एक केबल गेली की तिचा भार उरलेल्यांवर. मध्यवर्ती भाग सुमारे पाच आठवडे विस्कळीत राहिला. भूमिगत वाहिनीच्या विरोधकांचा सगळ्यात भक्कम दाखला हाच, आणि तो मान्य करायला हवा : तिथे सुटका करायला काही आठवड्यांत उभारलेली तात्पुरती उपरी लाइनच कामी आली. पण यातून केबल पुरूच नयेत असे सिद्ध होते का? चारही केबल खांबांवर असत्या आणि तेवढ्याच दुर्लक्षित असत्या तर? पर्यायी मार्ग कागदावर चार असले, तरी एक गेल्यावर उरलेले खरोखर किती भार घेऊ शकतात हे मोजलेले नसेल, तर ते पर्याय नव्हेत. चूक जमिनीखाली जाण्यात नव्हती. जमिनीखालच्या केबलची क्षमता काय, हे तिथल्या मातीला न विचारता ठरवणे ही चूक आहे.

केबल ओढण्याबद्दल थोडक्यात. ३०० चौरस मिलीमीटरच्या तीन अ‍ॅल्युमिनियम गाभ्यांना वाहकाला धरून ओढल्यास साधारण २७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास ताण चालतो, त्याहून अधिक नाही. डक्टमध्ये (केबलसाठी पुरलेल्या नळीत) घर्षणांक ०.३ धरला तर ९० अंशाचे एक वळण ताण १.६ पट करते, तीन वळणे चौपट. म्हणून ड्रम वळणाच्या बाजूला ठेवतात, ताण कमी असतानाच केबल वळण पार करते. उलट्या बाजूने ओढली तर त्याच चरात तीच केबल खराब होते. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या १२ ते १५ पट ठेवावी लागते. विंचवर (केबल ओढणाऱ्या यंत्रावर) ताणमापक नसेल तर हे सगळे अंदाजपंचे. जेसीबीच्या बकेटला साखळी बांधून ओढलेली केबल चाचणीत पास होऊ शकते. आतली तांब्याची पट्टी तुटलेली असते आणि ती दोन वर्षांनी बोलते.

जॉइंटजवळ मात्र थांबायलाच हवे, कारण या वादात त्याचे नावही कुणी काढत नाही. दोन टोके शेजारी घेऊन बाहेरचे आवरण, आर्मर, आतले आवरण ठरलेल्या मापाने काढतात. मग तांब्याची पट्टी कापतात आणि बाहेरचा काळा अर्धवाहक थर इन्सुलेशनला ओरखडा न पाडता सोलतात. नखाएवढा काप खोल गेला तरी पुढचा दोष तिथे पेरला गेला. काळा थर जिथे संपतो त्या कडेशी क्षेत्राच्या सगळ्या रेषा एकवटतात. ती कड तासून उतरती करतात आणि तिच्यावर ताण पसरवणारी पिवळी मॅस्टिक पट्टी वा नळी बसवतात. इन्सुलेशन बारीक पॉलिश कागदाने घासून द्रावकाच्या फडक्याने पुसतात, आणि पुसण्याची दिशा कायम इन्सुलेशनकडून काळ्या थराकडे. उलट पुसले तर काळे कण इन्सुलेशनवर पसरतात आणि विजेला चालायला पायवाट तयार होते. फेरुल (दोन वाहक जोडणारी धातूची नळी) योग्य डायनेच, म्हणजे साच्यानेच, दाबायचे, कडा घासून काढायच्या. मग आकुंचन पावणाऱ्या नळ्या मधूनच तापवायला सुरुवात करून टोकांकडे जायचे, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. टोकांपासून सुरुवात केली की हवा मध्ये कोंडली जाते. हवेत मिलीमीटरला सुमारे ३ किलोव्होल्टलाच ठिणगी पडते, आणि पोकळीतल्या हवेवरचा ताण शेजारच्या एक्सएलपीईपेक्षा दुपटीहून अधिक असतो. तिथे सूक्ष्म ठिणग्या सुरू होतात, रोज थोडे थोडे इन्सुलेशन खातात, आणि एखाद्या भर उन्हाळ्याच्या दुपारी, भार शिगेला असताना, जॉइंट फुटतो.

एक चांगला जॉइंट करायला चार ते सहा तास लागतात. कोरडा खड्डा, वर तंबू, पुरेसा उजेड, स्वच्छ हात. पाणी साचलेल्या खड्ड्यात, रात्री, वाहतूक सुरू करायची घाई असताना तोच जॉइंट दीड तासात उरकतात. जॉइंटरला मोबदला जॉइंटच्या संख्येवर मिळत असेल तर तो घाई करणारच, त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. तासांवर मोबदला, प्रशिक्षित माणसाचा परवाना आणि प्रत्येक जॉइंटवर करणाऱ्याचे नाव व तारीख, हे करारातच लिहिले पाहिजे. काम झाल्यावर आवरणाची डीसी चाचणी आणि इन्सुलेशनची ०.१ हर्ट्झची चाचणी, गाभा ते जमीन या दाबाच्या तिप्पट दाबाने १५ मिनिटे, म्हणजे ११ केव्हीसाठी सुमारे १९ किलोव्होल्ट. नुसता मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावून ‘इन्फिनिटी’ लिहिलेला अहवाल ही चाचणी नव्हे. त्यात सोललेल्या टोकाचा ओरखडा दिसत नाही.

विरोधकांचा पुढचा मुद्दा दुरुस्तीच्या वेळेचा. तो अगदी रास्त आहे. उपरी लाइनवरचे बहुसंख्य बिघाड क्षणिक असतात. फांदी घासली, वीज कडाडली, ब्रेकर उडाला, काही सेकंदांत आपोआप परत लागला. केबलचा बिघाड कायमचा, आणि तिच्यावर ब्रेकर आपोआप परत लावणे म्हणजे फुटलेल्या जागी पुन्हा स्फोट. शोधायचे, खोदायचे, पाणी उपसायचे, दोन नवे जॉइंट, चाचणी. अनेक तास, कधी दिवस. पण ग्राहकाने तेवढा वेळ अंधारात बसलेच पाहिजे, हे गृहीत कशाला? इथेच रिंगचा प्रश्न येतो. दोन फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या) एका रिंगमध्ये जोडायचे, मध्ये एक बिंदू नेहमी उघडा ठेवायचा, आणि प्रत्येक रोहित्रापाशी रिंग मेन युनिट बसवायचे : दोन बाजूंना दोन स्विच, रोहित्राला एक ब्रेकर. बिघाडाचा प्रवाह कुठून गेला हे दाखवणारा दर्शक प्रत्येक युनिटवर. केबलचा तुकडा गेला की त्याच्या दोन्ही बाजूंचे स्विच उघडायचे, मधला उघडा बिंदू बंद करायचा, सगळ्यांना वीज परत. हाताने केले तर तासाभरात, दूरनियंत्रण असेल तर मिनिटांत. केबल नंतर दोन दिवसांनी दुरुस्त झाली तरी घरात कुणाला कळत नाही. नेदरलँड्ससारख्या देशात मध्यमदाब आणि लघुदाब जाळे जवळपास पूर्ण जमिनीखाली आहे आणि ते वर्षानुवर्षे असेच चालते.

याची एक अट आहे आणि ती खर्चाची आहे. रिंगमधल्या प्रत्येक केबलला वेळ आली की दुसऱ्या बाजूचाही भार पेलायचा असतो. म्हणजे ३५० अँपिअरची केबल रोज साधारण निम्म्याच भाराने चालवायची. ‘केबल रिकामी पडली आहे’ म्हणून तिच्यावर नवीन इमारती जोडत गेले की रिंग नावापुरती उरते. एकेरी फीडर पुरून खांब काढून टाकणे तर याहून वाईट. तिथे भूमिगत वाहिनीचे सगळे तोटे मिळतात आणि फायदा मिळत नाही. विरोधक ज्या अनुभवांवर बोट ठेवतात, ते बहुतेक अशाच एकेरी फीडरचे असतात.

पुराबद्दलही समर्थकांनी प्रामाणिक राहायला हवे. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळाच्या उधाणाने न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या टोकाशी पाणी ओहोटीच्या सरासरी पातळीपेक्षा सुमारे सव्वाचार मीटर वर चढले आणि खालचा मॅनहॅटन काळोखात गेला. तिथल्या केबल तर कधीच्याच जमिनीखाली होत्या. बुडाली ती उपकेंद्रातली उपकरणे. चांगली केबल पाण्याखाली राहू शकते, स्विचगिअर (स्विच आणि ब्रेकरची उपकरणे) नाही. तळघरातले रोहित्र, पदपथाच्या पातळीवरचा लघुदाब पिलर (घरांना वीज वाटणारी पेटी), सील न केलेली डक्टची तोंडे, पंप नसलेले मॅनहोल, पाणी यांतूनच शिरते. डक्ट तर मॅनहोलमधून थेट उपकेंद्रात पाणी वाहून नेणारा नळच बनतो. म्हणून पूररेषेच्या वर चौथरा आणि प्रत्येक डक्टला, रिकाम्या डक्टलासुद्धा, सील.

राहिला एकूण खर्च. विरळ वस्तीत, शेतांतून जाणाऱ्या लांब लाइनवर विरोधक बरोबर आहेत. तिथे तेवढ्याच पैशांत इन्सुलेटेड एरियल केबल, झाडांची नियमित छाटणी आणि मजबूत खांब यांतून कितीतरी अधिक घरांना फायदा होतो. दाट वस्तीचे गणित वेगळे. तिथे खर्चाचा मोठा वाटा खोदाई आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो, केबलचा नव्हे. एकदा खोदताना सहाच्या जागी आठ डक्ट टाकले तर वाढीव खर्च थोडा, आणि दहा वर्षांनी नवी केबल रस्ता न फोडता जाते. चार खात्यांनी एकच रस्ता चार वेळा खोदायचा आणि मग भूमिगत वीज महाग म्हणायचे, हा हिशेब चुकीचा आहे. आयुष्याच्या हिशेबातही दोन्ही बाजू घाई करतात. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या सुरुवातीच्या पॉलिथिलीन केबल ओलाव्यामुळे इन्सुलेशनमध्ये वाढणाऱ्या झाडासारख्या सूक्ष्म भेगांनी अपेक्षेपेक्षा फार लवकर गेल्या. त्यानंतर इन्सुलेशन पक्के करताना वाफेऐवजी कोरडे क्युरिंग, तिन्ही थर एकाच वेळी ओतणे आणि पाणी रोखणाऱ्या पट्ट्या आल्या. आजच्या केबलकडून ४० वर्षे मागणे वाजवी आहे, पण ड्रमची टोके टोपीविना पावसात उघडी पडून पाणी वाहकात शिरले असेल तर नाही.

शेवटी नकाशा. बिघाड शोधताना केबलमध्ये विजेचा ठोका सोडून परतीचा वेळ मोजतात. एक्सएलपीईत तो मायक्रोसेकंदाला सुमारे १७० मीटर धावतो. ३ किलोमीटरवर एक टक्का चूक म्हणजे ३० मीटर, आणि केबल जमिनीखाली नेमकी कशी वळते हे माहीत नसेल तर त्या ३० मीटरला काही अर्थच नाही. चर बुजवण्याआधी केबलची खोली, स्थिर खुणांपासूनचे अंतर, प्रत्येक जॉइंटचे स्थान, केबलचे जादा ठेवलेले वेटोळे, ओलांडलेल्या पाइपलाइन यांची मोजणी व्हायला हवी. रस्ता डांबरी झाल्यावर आठवणीने काढलेली रेघ पुढच्या खोदणाऱ्याला चुकीच्या जागी कुदळ मारायला लावते. कंत्राटदाराचा मोबदला पुरलेल्या मीटरवर मोजला जातो तोवर हे होणार नाही. बिलातला मोठा हप्ता उघड्या चरात केलेल्या मोजणीवर, जॉइंटच्या नोंदींवर आणि चाचणीच्या आलेखावर अडकवून ठेवावा, आणि ही कागदपत्रे खोदाईची परवानगी देणाऱ्या प्रत्येक खात्याला, कुदळ पडण्याआधी, बघायला मिळावीत.